काही न घेता गेलेली माणसं

खोडरबर निवडायला शर्वीला पूर्वी अर्धा तास लागत असे. हुपरीकरांच्या दुकानात ती बरण्यांसमोर उभी राहायची, एक खोडरबर उचलायची, वास घ्यायची, नखाने टोकरून बघायची आणि परत ठेवायची. हुपरीकर तिच्या आजीला म्हणायचे, "बाई, हिला सोनं घ्यायला नेऊ नका. सराफ दुकान विकून गावाला जाईल." आजी, म्हणजे प्राध्यापक अनसूया टोणपे, हसून बाकड्यावर बसायची आणि पिशवीतून उत्तरपत्रिका काढून तपासायला लागायची.

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापुरातल्या बहुतेक दुकानांत फळ्यांच्या कडेला 'कौल'च्या पट्ट्या बसल्या. बोटभर रुंदीची, निळसर, दिसायला साधी पट्टी. तेव्हापासून शर्वी दुकानात शिरायची आणि आजीने पिशवी उघडण्याआधीच बाहेर यायची. हातात काहीतरी असायचंच. घरी आली की ती ते खणात टाकायची आणि खण पायाने ढकलून बंद करायची.

"आवडला नाही का गं?" एकदा अनसूयाबाईंनी विचारलं.

"दुकानात आवडला होता. घरी आणला की तो माझा वाटत नाही."

"मग कुणाचा वाटतो?"

शर्वी तिसरीत होती. प्रश्न विचारला की ती खरोखर विचार करायची. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पट्टीचा. तिनंच घेतला, माझ्या हातानं."

अनसूयाबाई मॅनेजमेंटच्या महाविद्यालयात ग्राहक-वर्तन हा विषय शिकवत होत्या. माणूस एखादी वस्तू का घेतो, कुठल्या रंगाकडे वळतो, भाव ऐकून कधी मागे सरतो, याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ढीगभर प्रश्नावल्या त्यांनी वाचल्या होत्या. असं उत्तर कुणी लिहिलं नव्हतं.

'कौल' हे नाव निनाद शेलारने ठेवलं होतं. निनाद त्यांचाच विद्यार्थी, सगळ्यात हुशार आणि सगळ्यात लाडका. त्याच्या आजोळी, कोकणातल्या एका देवळात, देवाला कौल लावत. मूर्तीवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातला प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लहानपणी तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून तासन्‌तास बघायचा. पडण्याआधी पाकळी किंचित हलते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माणसाचं मनही निर्णयाआधी असंच हलत असणार, असं मोठेपणी त्याला वाटलं. त्याने ते शोधून काढलं, त्यावर पीएचडी मिळवली आणि मग 'कौल'ची कंपनी काढली.

शर्वीला हे समजवायला अनसूयाबाई तिला बागेतल्या झोपाळ्यापाशी घेऊन गेल्या.

"झोपाळा अगदी वर गेला की काय होतं?"

"पोटात गोळा येतो."

"तुझ्या पोटाचं सोड. झोपाळ्याचं काय होतं?"

शर्वीने दोनदा झोका घेऊन पाहिला. "थांबतो. इवलासा."

"बरोबर. खाली जोरात येताना मी बोट आडवं धरलं तर बोटच मोडेल. पण वर, त्या इवल्याशा थांबण्यात, एका बोटाने ढकललं तरी झोपाळा हवा तिकडे वळतो. आपलं मनही असंच झुलतं. घेऊ, नको, घेऊ, नको. आणि मधेच एक क्षण असा येतो की ते थांबतं. त्या वेळी आपल्या पापण्या लवत नाहीत, श्वास अडतो, डोळ्यातली बाहुली मोठी होते. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"पट्टीला कळतं?"

"पट्टीत तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा आहे. तो तुझ्या पापण्या आणि छातीची हालचाल बघत असतो. तो क्षण आला की पट्टी एक वस्तू उजळते, नाहीतर भाव थोडा उतरवते, नाहीतर हळूच काहीतरी बोलते. ती खोटं बोलत नाही, जबरदस्ती करत नाही. बोट केव्हा लावायचं, एवढंच तिला ठाऊक आहे."

शर्वी झोपाळ्यावरून उतरली. "पण मला ढकलून घ्यायचं नसलं तर?"

पुढच्याच आठवड्यात निनाद राजगिऱ्याचे लाडू घेऊन अनसूयाबाईंच्या महाविद्यालयातल्या खोलीत आला, तेव्हाही हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

तो पाया पडला, समोरच्या खुर्चीत बसला आणि दोघांनी आधी लाडू खाल्ले. मग त्याने काम सांगितलं. जिल्ह्यातल्या शाळांच्या भांडारांत, जिथे मुलं वह्या, पेन्सिली आणि खाऊ घेतात, तिथे 'कौल' बसवायचा होता. मुलांचा प्रश्न असल्यामुळे महाविद्यालयाच्या नीतिसमितीचं प्रमाणपत्र लागणार होतं. समितीच्या अध्यक्ष अनसूयाबाई होत्या.

"मुलांना लहानपणापासून चांगल्या सवयी लागतील मॅडम. 'कौल' त्यांना चिक्कीऐवजी सफरचंदाकडे वळवू शकतो."

"आणि सफरचंदाऐवजी चिक्कीकडे?"

निनाद हसला. "तेही. ते भांडार चालवणाऱ्यांनी ठरवायचं."

"मला एक सांग. तुझ्या मूळ अभ्यासात काही न घेता परत गेलेली माणसं कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"तू महाद्वार रोडला कॅमेरे लावून माणसं पाहिलीस. तिथे कित्येक बायका दुकानात शिरतात, चार साड्या उलगडायला लावतात, पदर खांद्यावर टाकून बघतात आणि उठून जातात. मी स्वतः गेले आहे. तुझ्या डेटात त्या मला दिसत नाहीत."

"ते अपूर्ण प्रतिसाद होते मॅडम. खरेदी झाली नाही म्हणजे निर्णयाची वेळ मोजता येत नाही. डेटा स्वच्छ करताना आम्ही ते काढून टाकले. सगळेच काढतात."

अनसूयाबाईंनी हातातला लाडू बशीत ठेवला. त्या वर्गात एखादी गोष्ट समजावताना जशा सावकाश बोलत, तशाच आता बोलल्या.

"म्हणजे तुझ्या यंत्राने नकार कधी पाहिलेलाच नाही. त्याने जेवढी माणसं पाहिली, ती सगळी शेवटी काहीतरी घेऊन गेली. म्हणून समोरच्या माणसाने काही घेतलं नाही, तर त्याला वाटतं, याने अजून घेतलेलं नाही. ते ढकलत राहतं. थांबायचं केव्हा, हे त्याला कुणी शिकवलंच नाही."

"पण चालतंय ना ते? कुठल्याच दुकानातून आता कुणी रिकाम्या हाताने जात नाही."

"निनाद, तुझ्या आजोळच्या देवळात डावी पाकळीही पडते."

"डावी पाकळी कुणी विकत घेत नाही मॅडम," तो म्हणाला. "गुरुवारी समितीपुढे प्रात्यक्षिक ठेवलंय. शाळेची मुलं येणार आहेत, शर्वीचाच वर्ग. तुम्ही स्वतः बघा. आणि परागही असेलच."

पराग हा अनसूयाबाईंचा मुलगा, शर्वीचा बाप. जिल्ह्यात पट्ट्या बसवण्याचं सगळं काम निनादने त्याच्यावर सोपवलं होतं. आधीची नोकरी गेल्यावर तो दीड वर्ष घरी बसून होता. शर्वीची आई पुण्याला नोकरीला होती आणि शनिवार-रविवारी यायची. निनादने बोलावून घेतल्यापासून परागच्या चालण्यात पुन्हा जोम आला होता.

त्या संध्याकाळी जेवताना परागने विषय काढला.

"तू सही करणार नाहीस असं निनाद म्हणत होता."

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"तुझा चेहरा म्हणतोय. आई, तुझ्या सहीवर माझ्यासकट तीस माणसांचं काम अडलंय. तू नाही केलीस तर ते दुसऱ्या महाविद्यालयातून आणतील."

"मग आणू देत की. माझीच का हवी?"

"तुझं नाव मोठं आहे म्हणून."

"मोठं नाव एकदाच वापरता येतं पराग. ते कुठे खर्च करायचं, ते मला ठरवू दे."

पराग ताटावरून उठला. शर्वी भाकरीचा तुकडा हातात धरून दोघांकडे बघत होती. "बाबा, आमटी राहिली," ती म्हणाली. तो परत बसला आणि त्याने आमटीची वाटी पुढे ओढली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर शर्वीला घेऊन अनसूयाबाई हुपरीकरांकडे गेल्या. शाळेत पाढे पाठांतराची स्पर्धा होती आणि आजीच्या हट्टामुळे शर्वीने जुनी दिडकी घेतली होती, म्हणजे दीडचा पाढा. आता शाळेत तो कुणी शिकवत नाही. अनसूयाबाईंना त्यांच्या वडिलांनी पाटावर बसवून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे सगळे अपूर्णांकांचे पाढे ठेक्यात पाठ करून घेतले होते.

शर्वी पेन्सिलीच्या फळीसमोर उभी राहून पुटपुटत होती. "एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार..."

पट्टी काळीच होती.

अनसूयाबाईंचं तिकडे लक्ष गेलं. "शर्वी, जरा थांब."

शर्वी थांबली. पट्टी निळी झाली, एक गुलाबी पेन्सिल उजळली आणि शर्वीचा हात पुढे झाला.

"म्हण पुन्हा. पहिल्यापासून."

"एक दीड दीड, दोन दीड तीन..."

हात मधेच राहिला. पट्टी काळी झाली.

हुपरीकर गल्ल्यावरून वाकून बघत होते. "पट्टी बिघडली काय वो बाई?"

"पट्टी चांगली आहे. पोरगी दुरुस्त झाली."

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. पाढा ठेक्यात म्हणायचा तर श्वास ठेक्यातच घ्यावा लागतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो सुटतो. पापण्याही त्याच तालावर लवतात. मन घेऊ-नकोवर झुलत असलं तरी शरीर दुसऱ्याच तालावर चालतं, आणि पट्टी ज्या खुणा शोधते, त्या उमटतच नाहीत. झोपाळा थांबतो, पण बोट लावणाऱ्याला तो दिसत नाही. दोन अंकी बेरीज किंवा ओळखीचं गाणं एवढं काम देत नाही. दिडकीत मात्र साडे येतं, पुन्हा पूर्ण येतं, पुन्हा साडे येतं. तिथे लक्ष द्यावंच लागतं.

बुधवारी त्या शर्वीच्या वर्गात गेल्या. बाईंची परवानगी घेऊन त्यांनी मुलांना झोपाळ्याची गोष्ट सांगितली. मग दिडकी शिकवली. मुलं आधी हसली, मग बाकांवर ठेका धरू लागली. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी दारातून डोकावून विचारलं, "भजन आहे का काय?"

"नाही हो," शर्वीच्या बाई म्हणाल्या. "नको म्हणायची तालीम आहे."

गुरुवारी महाविद्यालयाच्या सभागृहात मधोमध भांडाराची फळी उभी केली होती. वह्या, रंगपेटी, सफरचंदं, चिक्की, लिमलेटच्या गोळ्या, चमकणारे बिल्ले. एका बाजूला समितीचे सदस्य आणि संचालक देशिंगकर बसले होते. दुसऱ्या बाजूला निनाद, कंपनीची माणसं आणि त्यांच्यात पराग. मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या पापण्यांच्या आणि श्वासाच्या रेषा दिसणार होत्या.

निनादने छान समजावून सांगितलं. तो नेहमीच छान बोलत असे. मग शेजारच्या शाळेची चार मुलं एकेक करून फळीपाशी गेली. पट्टी उजळली, प्रत्येकाने हात पुढे केला आणि चौघंही सफरचंद घेऊन परतली. देशिंगकरांनी मान डोलावली. "उत्तम. बाई, यात वाईट काय आहे?"

"सफरचंदात काहीच नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "माझीही एक चाचणी घेऊ द्या. आता शर्वीचा वर्ग येईल. त्यांनी फळीपाशी हवा तेवढा वेळ उभं राहायचं, सगळं बघायचं आणि काही न घेता परत यायचं."

निनाद हसला. "येऊ देत."

पहिली रझिया आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक दीड दीड." पडद्यावरच्या रेषा एकसारख्या उड्या मारू लागल्या. तो क्षण सापडेना, तशी पट्टी अंदाजानेच उजळली, विझली, पुन्हा उजळली. बिल्ल्याचा भाव उतरला. अजून उतरला. "हा तुझ्यासाठीच आहे," पट्टी गोड आवाजात म्हणाली.

"दहा दीड पंधरा," रझिया म्हणाली आणि निघून गेली.

दुसरा आला, तिसरी आली. पट्टीने भाव शून्यावर आणला. मग ती प्रत्येकाच्या पाठीमागून बोलू लागली, "थांब ना. अजून एक दाखवते. जाऊ नकोस." कंपनीतल्या माणसांनी आवाज बंद करायला धाव घेतली. समितीतलं कुणी हसत नव्हतं. रिकाम्या जागेला विनवणारं ते यंत्र ऐकायला बरं वाटत नव्हतं.

"बघितलंत?" अनसूयाबाई म्हणाल्या. "त्याला 'नको' कळतच नाही. ज्याला आपल्या लेकराचं 'नको' कळत नाही, अशा माणसाला आपण शाळेच्या आवारात उभं करू का?"

शेवटची शर्वी होती. फळीवर तिला आवडणारा निळा कंगोऱ्यांचा खोडरबर ठेवला होता. 'कौल' तिला चार महिने ओळखत होता. तिने सुरुवात चांगली केली. "पाच दीड साडेसात, सहा दीड नऊ, सात दीड..."

ती अडली.

पडद्यावरची श्वासाची रेषा सपाट झाली. पापण्या थांबल्या. खोडरबर मंद उजळला. पट्टी काहीच बोलली नाही, कारण आता बोलायची गरज नव्हती. शर्वीचा हात वर यायला लागला.

अनसूयाबाईंनी ओठ घट्ट मिटले. आपण सांगितलं तर चाचणी फुकट, हे त्यांना माहीत होतं.

"साडेदहा," कुणीतरी म्हणालं.

आवाज कंपनीच्या बाजूने आला होता. पराग उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर लेकीवर होती. "सात दीड साडेदहा, शर्वे. पुढे म्हण."

"आठ दीड बारा," शर्वी म्हणाली. श्वास सुटला. हात खाली आला. "नऊ दीड साडेतेरा. दहा दीड पंधरा." ती वळली आणि आजीकडे न जाता थेट बापाकडे गेली.

"पराग, हे काय?" निनादने विचारलं.

"माझ्या आजोबांनी मलाही पाटावर बसवून शिकवलं होतं," पराग म्हणाला. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, फीत नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवलं. "उद्यापासून पट्ट्या दुसऱ्या कुणाकडून लावून घे."

देशिंगकरांनी घसा खाकरला आणि समितीचा टॅब अनसूयाबाईंपुढे सरकवला. पडद्यावर दोन चौकोन होते. एकावर 'मंजूर' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'नंतर आठवण करून द्या'. टॅबच्या कडेला बोटभर रुंदीची निळसर पट्टी होती.

अनसूयाबाईंनी ती बघितली आणि निनादकडे बघितलं. "यालाही लावलीस?"

"सगळीकडे लागतात आता मॅडम," तो खाली बघून म्हणाला.

"आणि नामंजूर कुठे आहे?"

"तसं बटण ठेवलेलं नाही."

"मग तोंडाने सांगते." त्यांनी टॅब पालथा घातला आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंकडे वळल्या. "लिहा. समितीच्या अध्यक्षांचं उत्तर, नाही. नंतर आठवण करून देऊ नये."

सभागृह रिकामं झालं तरी निनाद फळीपाशीच उभा होता. अनसूयाबाई पिशवी भरत होत्या.

"पुढच्या आवृत्तीला दिडकी ओळखता येईल मॅडम," तो म्हणाला. त्यात धमकी नव्हती, माहिती होती. "दोन महिन्यांत."

"मग आम्ही औटकी शिकवू. साडेतीनचा पाढा. तू तो शिकलास की अडीचकी. माझ्या वडिलांनी पुष्कळ शिकवून ठेवलंय." त्या दारापाशी थांबल्या. "नाहीतर दुसरं सोपं काम कर. ती काढून टाकलेली माणसं परत आत घे. यंत्राला डावी पाकळी दाखव."

"मग ते अर्धंच विकेल."

"विकू दे. मग ते खरं असेल. त्या दिवशी ये, मी सही करीन."

त्याचा लाडूंचा रिकामा डबा परत द्यायला म्हणून त्यांनी पिशवीतून काढून फळीवर ठेवला होता. पण निनादने तो उचलला नाही, तिथेच राहू दिला. तो परत न्यायला त्याला पुन्हा यावं लागणार होतं, हे दोघांनाही कळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हुपरीकरांच्या दुकानात नवी पट्टी लागली. शर्वी आत शिरली आणि सवयीने "एक दीड दीड" म्हणाली, तर पट्टी निळी होऊन तिच्याबरोबर ठेका धरू लागली. हुपरीकर म्हणाले, "आता गं? ही पण शाळा शिकून आली."

शर्वीने बाकड्यावर बसलेल्या आजीकडे पाहिलं. आजीने उत्तरपत्रिकेतून डोकं वर काढलं नाही. पराग दाराशी उभा होता. नवी नोकरी अजून लागलेली नव्हती, पण दुपारी लेकीला दुकानात आणायला त्याला वेळ होता.

"एक औट साडेतीन," शर्वीने सुरुवात केली. "दोन औट सात. तीन औट साडेदहा."

पट्टी गोंधळली, लुकलुकली आणि काळी पडली.

मग शर्वीने पाढा थांबवला नाही, आवाज फक्त खाली आणला. ती बरण्यांसमोर उभी राहिली. एक खोडरबर उचलला, वास घेतला, नखाने टोकरला, परत ठेवला. दुसरा उचलला. बाहेर ऊन सरकून पायरीवर आलं. हुपरीकरांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"घ्यायचं नसतंय तर येतीस कशाला गं?"

"बघायला," शर्वी म्हणाली आणि रिकामे हात झटकून पायरी उतरली.